नमुना आणून दिल्याप्रमाणे

पाणी तपासायला आणणारा माणूस आधी बाटली लपवतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पिशवीच्या तळाशी दडपलेली, आणि टेबलावर ठेवताना लेबलाचं तोंड भिंतीकडं. मी म्हणायचे, लाजू नका हो, आम्ही पाणी तपासतो, तुम्हाला नाही. कारण बाटली बहुतेक वेळा दारूची असायची. नसली तर थंड पेयाची, खोबरेल तेलाची, आणि एकदा तर चक्क फिनेलची. फिनेलच्या बाटलीत पाणी आणून 'जंतू आहेत का बघा' म्हणणारे गृहस्थ मी या डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना परत पाठवलं तर म्हणाले, धुऊन आणलीय की.

सोलापुरातल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी तीस-बत्तीस वर्षं काढली. कधी लागले, कधी बढती मिळाली, कुणाशी भांडले, हे सांगत बसत नाही. भांडले ते सगळ्यांशीच. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, सांगायला कुणी येऊ नये. आमचे यजमान संध्याकाळी विचारायचे, आज किती नमुने आले? मी आकडा सांगितला की म्हणायचे, बाटल्यांचे नव्हे, माणसांचे विचारतोय.

माणसांचे नमुनेही यायचे. माळशिरसकडचे एक काका होणाऱ्या सुनेच्या गावच्या विहिरीचं पाणी घेऊन आले होते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात पिवळे पडतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि मुलगी बघायला गेले तेव्हा ती एकदाही हसली नाही म्हणून त्यांना संशय. पाणी उत्तम निघालं. काका रिपोर्ट हातात धरून बसून राहिले आणि म्हणाले, मग हसली का नाही? ते आमच्याकडं तपासत नाहीत, असं मी सांगितलं. दुसऱ्या एक बाई तांब्याच्या गडूत पाणी घेऊन आल्या, वर फडकं बांधून. यात कुणी काही केलंय का तेवढं बघा, म्हणाल्या. मी सगळ्या चाचण्या केल्या, क्षार थोडे जास्त निघाले. बाईंनी मान डोलावली. क्षार जावेनंच टाकले, म्हणाल्या, आणि समाधानानं घरी गेल्या.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, वडील चादरीचं सूत रंगवायचे. पाणी जड असलं की रंग सुताला सारखा धरत नाही, डाग पडतात. वडील नव्या विहिरीचं पाणी नुसतं जिभेवर घेऊन, थोडा साबण हातावर चोळून सांगायचे, चालेल की नाही. बी.एस्सी. करून मी जे शिकले ते त्यांना जिभेवर कळत होतं. हे मी त्यांच्या हयातीत कधी कबूल केलं नाही. करायला हवं होतं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम फार गूढ वाटतं, पण तसं काही नाही. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेला चुना आणि त्याची भावंडं. थोडं पाणी घ्यायचं, त्यात एक रंग टाकायचा, पाणी जांभळट लाल होतं. मग वर उभी काचेची नळी असते, ब्युरेट म्हणतात, तिच्यातून औषध थेंब थेंब सोडायचं. लाल रंग जाऊन निळा झाला की थांबायचं. किती औषध लागलं त्यावरून जडपणा कळतो. हलकं पाणी चार थेंबांत निळं होतं. जड पाणी औषध पीत राहतं, पीत राहतं, आणि ज्याच्या घरी ते पाणी असतं त्याच्या घरी डाळ शिजत नाही. जंतूंची चाचणी आणखी सोपी. एका छोट्या बाटलीत तयार औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, एक-दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात शौचातून येणारे जंतू आहेत, काळं नाही झालं तर बहुधा नाहीत. आणि मग रिपोर्ट. रिपोर्टाच्या तळाशी छापलेलं एक वाक्य असतं: 'नमुना आणून दिल्याप्रमाणे.' म्हणजे काय, तर बाटलीत जे होतं ते आम्ही तपासलं. बाटलीत कुठून आलं, कुणी भरलं, खरं की खोटं, याच्याशी आमचा संबंध नाही. या वाक्यामागं बसून मी नोकरी केली. फार आरामशीर जागा होती ती.

आता गुरुपादप्पा मास्तरांचं सांगते.

अक्कलकोटच्या पुढं सीमा ओलांडली की काही अंतरावर जमीन बदलते. आपली काळी माती, काळा दगड मागं पडतो आणि शहाबादी फरशीचा मुलूख लागतो. घराच्या भिंती फरशीच्या, छपरं फरशीची, शेताची कुंपणंसुद्धा फरश्या उभ्या रोवून केलेली. मास्तर तिकडच्या एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या मुलींच्या अजून सोयरिकी व्हायच्या आहेत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, कानडी माध्यमाचे मास्तर, पण सोलापूरला येणंजाणं असल्यानं मराठी चांगली. धोतर पांढरंशुभ्र, कपाळावर विभूती. पहिल्यांदा आले ते श्रावणात. बाटली लपवली नाही. आमच्याकडूनच आदल्या आठवड्यात नेलेली निर्जंतुक बाटली, बूच घट्ट, आणि लेबलावर इतकं देखणं अक्षर की मी सगळ्यांना दाखवलं. पाण्याचा स्रोत: दोड्डव्वा, नैसर्गिक झरा.

दोड्डव्वा म्हणजे कानडीत थोरली आई. मास्तरांनी झऱ्याची माहिती सांगितली, खुर्चीत ताठ बसून, वर्गात सांगावी तशी. फरशीच्या थराखालून मांडीएवढा जाड लोट येतो, बारा महिने, दुष्काळातसुद्धा आटला नाही. खाली कुंड, पायऱ्या, वर छोटं देऊळ. गाव हेच पाणी पितं, पानमळे यावरच. पोटुशी बाई पाचव्या महिन्यात दोड्डव्वाला हिरव्या बांगड्या वाहते आणि ओंजळभर पाणी पिते. मी म्हटलं, मग तपासायला कशाला आणलं? आईला परीक्षेला बसवलंत की.

मास्तर हसले नाहीत. त्यांची मुलगी सुवर्णा सोलापुरात दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना लागणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यात दुसरं मत नाही. पण जावई औषधांच्या कंपनीत होता. गेल्या पावसाळ्यात मास्तरांच्या गावात कावीळ झाली होती हे त्याच्या कानावर गेलेलं. त्यानं सांगितलं, पाण्याचा रिपोर्ट दाखवा, मग पाठवतो. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पास-नापास केलं, त्याच्याकडं आता जावयानं प्रगतिपुस्तक मागितलं होतं.

"पास झालं पाहिजे बघा, अक्का," एवढंच ते उठताना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जडपणा काढायला घेतला. ब्युरेटचा नळ सोडला न सोडला तोच लाल पाणी निळं झालं. मी थांबले. हे चुन्याच्या दगडातून आलेलं पाणी. शहाबादी फरशी म्हणजे दाबून बसलेला चुनाच. त्यातून येणारं पाणी जड असणार, हे आमच्या वडिलांनी झोपेत सांगितलं असतं. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा चार थेंबांत निळं. पावसाळा आहे, पावसाचं पाणी मिसळलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जंतूंची बाटली दोन दिवसांनी स्वच्छ. त्या आठवड्यात टेबलावर ढीगभर नमुने पडले होते, आणि खाली ते वाक्य छापलेलं होतंच. मी लिहिलं, पिण्यास योग्य. सही केली, शिक्का मारला.

कार्तिकात मास्तर पेढे घेऊन आले. मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. तुमच्या रिपोर्टमुळं हे झालं अक्का, असं म्हणून त्यांनी हात जोडले. पेढे चांगले होते. मी दोन खाल्ले.

त्यानंतर आठच दिवस झाले असतील. दुपारी एक बाई आल्या. काष्ट्याचं लुगडं, हातात बाटली नव्हे तर प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला एक कागद. वरच्या दोन कोपऱ्यांना खिळ्याची भोकं. त्यांनी तो टेबलावर माझ्याकडं तोंड करून ठेवला. मी माझी सही ओळखली.

"बाई, ही सही तुमची हाय का?"

मी हो म्हटलं.

"पाणी चांगलं हाय आसं तुमी लिवलंय. मग माज्या पोरीला कावीळ कशानं झाली?"

बाई मंद्रूपच्या. त्यांची लेक ज्योती मास्तरांच्या घरात दिलेली; मास्तरांची सून. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरवड्यानं यायचा. ज्योतीला पाचवा महिना होता. आठ दिवसांपासून डोळे पिवळे, अन्न पोटात ठरेना, शेवटी आईनं जाऊन सोलापूरला आणून दवाखान्यात टाकलेली. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यातून येणारी कावीळ आहे, गरोदरपणात ती वाईट, जीवाला धोका असतो. बाई त्या रागात परत लेकीच्या गावी गेल्या, तर झऱ्याच्या देवळाच्या भिंतीवर, बांगड्या अडकवायच्या खुंट्यांशेजारी, हा कागद लटकत होता. गावानं तो मोठा करून, प्लास्टिकमध्ये घालून लावलेला. पाणी भरायला येणारी प्रत्येक बाई तो बघत होती. बाईंनी तो उपसून आणला होता.

मी तो कागद पुन्हा एकदा वाचला. रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. ज्योती कुशीवर पडलेली, हळदीत घोळून काढल्यासारखी दिसत होती. वय फार तर बावीस-तेवीस. मी कोण ते तिच्या आईनं सांगितलं. मी विचारलं, कुठलं पाणी पितेस ग?

"दोड्डव्वाचं. म्याच भरून आणते की, सकाळी चार खेपा."

मग घरात सगळे तेच पितात का, असं मी विचारलं. ती जरा थांबली आणि आईकडं बघून म्हणाली, "वन्सं कॅनचं पितात."

तिच्या नणंदेसाठी, सुवर्णासाठी, अक्कलकोटहून टेम्पोनं रोज एक कॅन यायचा, मशीननं शुद्ध केलेल्या पाण्याचा. मास्तरांनीच सांगून ठेवलेला, पहिला कॅन तर ती माहेरी यायच्या आधीच, श्रावणात आणवलेला. आणि तुमच्याकडची बाटली मीच भरली होती, ज्योती म्हणाली. मामंजींनी सांगितलं, हात साबणानं धू, बूच आतून शिवू नको, कॅनच्या तोटीतनं भर. तसंच भरली. चुकलं का काय माझं?

बाटली भरायची रीत अगदी बरोबर होती. आमचे शिकलेले शिपाई इतकी नीट भरत नाहीत. मशीनच्या पाण्यातला चुना आधीच काढून टाकलेला असतो, म्हणून ते चार थेंबांत निळं झालं होतं. मला ते श्रावणातच दिसलं होतं. दिसूनही मी पावसावर ढकललं. ज्योतीला मी हे सांगितलं नाही. तुझं काही चुकलं नाही, एवढंच म्हटलं आणि बाहेर आले. मला माझी लाज वाटली, सरळ सांगते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मास्तरांच्या गावी गेले. आधी घरी नाही, झऱ्यावर गेले. एवढी वर्षं बाटल्यांतून पाणी बघितलं, पण असं पाणी बघितलं नव्हतं. फरशांचे थर एकावर एक, मधल्या एका फटीतून लोट बाहेर येत होता, आवाज न करता. कुंडाच्या तळाला पडलेली बांगडीची काच वरून मोजता यावी इतकं नितळ. मी दोन बाटल्या भरल्या, आणि मला त्या पाण्याचा राग आला. इतकं स्वच्छ दिसायचं काय कारण होतं?

आपल्या काळ्या मातीतून पाणी खाली जातं ते हळूहळू, गाळत गाळत. चुन्याच्या दगडाचं तसं नाही. हा दगड पाण्यात विरघळतो. भेगा रुंद होतात, नळ्या होतात, आत पोकळ्या होतात. एका टोकाला जमिनीत शिरलेलं पाणी दुसऱ्या टोकाला नळातून यावं तसं धावत येतं, वाटेत काही गाळलं जात नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला, दोनेक मैलांवर, एक ओढा जमिनीतल्या भोकात गडप होत असे. त्या ओढ्याकाठी वस्ती झालेली, वस्तीचं सगळं सांडपाणी आणि शौचाचंही पाणी ओढ्यात, आणि मेलेली जनावरं त्या भोकातच टाकायची जुनी सोय. खाली काय जातं कुणाला दिसत नाही, म्हणून फार सोयीची जागा.

मग मास्तरांच्या घरी गेले. सोप्यात पाळणा होता, सुवर्णाचं बाळ झोपलेलं. मास्तरांनी बसायला पाट दिला, पाणी विचारलं. कॅनचं आहे अक्का, घ्या, म्हणाले. मी तांब्या खाली ठेवला आणि ज्योतीचं विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. औषधपाणी चाललंय, म्हणाले. मग मी बाटलीचं विचारलं.

त्यांनी नाकारलं नाही. तो माणूस खोटारडा नव्हता, हीच तर अडचण होती.

"मी खोटं काय केलो, सांगा. सुवर्णा जे पाणी पिणार, तेच तुमच्याकडं आणलो की. जावयाला दिलेला शब्द पाळलो."

मग लेबलावर दोड्डव्वा का लिहिलं? त्यावर ते बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिले. मग म्हणाले, आमच्या गावचं पाणी चालत नाही म्हणून कॅन आणला, असं कागदावर कसं लिहू? जावयाच्या घरात वाचतील. गावाचं नाव आहे, आईचं नाव आहे. तो कागद जावयाला दाखवायचा आणि पेटीत ठेवायचा, एवढंच ठरवलं होतं. पण पंचायतीत कुणाला तरी कळलं, त्यांना आनंद झाला, आणि कागद देवळात गेला. तिथून कसा काढू? काय म्हणून काढू?

"आणि ज्योती?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं खरंच न समजून बघितलं. "ती घरचीच की, अक्का."

या वाक्यात त्यांच्या दृष्टीनं काही वाईट नव्हतं. मुलगी पाहुणी, परक्या घरची ठेव, तिला जपून परत करायची. सून घरची, घर जे पितं ते ती पिणार. कितीतरी घरांत असंच चालतं, आमच्याही घरी चाललं. पण बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते पाळण्याकडं बघत राहिले आणि मग धोतराचा सोगा तोंडावर धरून रडायला लागले. सुवर्णा आतून बाहेर आली, दारात उभी राहिली.  मी तिथं न्यायाधीश म्हणून गेले नव्हते. त्या कागदावर सही माझी होती, आणि मला संशय आला होता. त्यांना तर आपलं काही चुकतंय असा संशयही आला नव्हता.

सोलापूरला येऊन झऱ्याचं पाणी उबेला ठेवलं; तिसऱ्या दिवशी बाटली काळी झाली, शाईसारखी. मी रिपोर्ट घेऊन पंचायतीत गेले, तर तिथं वेगळीच पंचाईत. आई घाण होऊच शकत नाही, म्हणाले. एक म्हातारे गृहस्थ मला समजवायला लागले की दोड्डव्वाची शक्ती तुम्हाला माहीत नाही. वर ओढा गडप होतो ना, तिथं लिंबू टाकलं की ते इथं कुंडात येतं, आमच्या आजोबांनी पाहिलंय. मी म्हटलं, अहो आजोबा, लिंबू येतं, मग बाकीचं काय वाटेत थांबतं का? त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचायला मागितला. इतक्या वर्षांत मी पुस्तकातलं एवढं सांगितलं असेल, पण त्या लिंबानं जे काम केलं ते कशानं केलं नव्हतं.

तरीही पुरावा हवा होता. माझा भाऊ अजून रंगाचं काम करतो. तो म्हणाला, लाल रंगाचं एक पाकीट देतो, भोकात टाक, झरा लाल होईल. मी म्हटलं, झरा लाल झाला की दुसऱ्या दिवशी जत्रा भरेल. आणि ते रंग पोटात जायचे नसतात. मी मीठ घेतलं, दोन पोती खडे मीठ. भोकाशी पाण्यात विरघळवून सोडायचं, आणि खाली झऱ्यावर ठरावीक वेळानं बाटल्या भरायच्या. मीठ किती वाढलं ते प्रयोगशाळेत कळतं. बाटल्या भरायला कोण बसणार, असा प्रश्न आला तेव्हा मास्तर उठले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ते पायरीवर बसले होते, मांडीवर घड्याळ काढून ठेवून. प्रत्येक बाटलीवर वेळ, तारीख, स्रोत, नमुना घेणाऱ्याचं नाव. त्याच देखण्या अक्षरात. त्या बाटल्यांपैकी एकीवरही मला शंका घ्यावी लागली नाही. दुपारनंतरच्या बाटल्यांत मीठ चढत गेलेलं स्पष्ट दिसलं.

पुढं काय झालं, तर भोकाला कुंपण झालं. जनावरं टाकणं थांबलं. वस्तीचं सांडपाणी दुसरीकडं वळवायला वेळ लागला, अजून थोडं राहिलंय असं ऐकते. झऱ्याचं पाणी टाकीत घेऊन त्यात औषध घालून गावाला द्यायला लागले. त्या औषधाच्या वासावरून मला तिकडच्या बायांनी भरपूर शिव्या घातल्या, त्या मला पोचल्या.

ज्योती वाचली. पोटातलं राहिलं नाही. हे मला तिच्या आईनं फोनवर सांगितलं, मंद्रूपच्या बाजारातून, मागं भाजीवाल्यांचा आवाज येत होता. मुलगी होती, म्हणाल्या. मग फोन ठेवला.

मी निवृत्त व्हायला तेव्हा वर्षभर उरलं होतं. आमच्या फॉर्मवर नमुना कुणी घेतला, कुठून घेतला, असे छापील रकाने होते. मी त्याखाली पेनानं एक ओळ लिहायला सुरुवात केली: हे पाणी घरात कोण कोण पितं? साहेब म्हणाले, हा रकाना मंजूर नाही. मी म्हटलं, मंजूर करा नाहीतर निवृत्तीपर्यंत मी पेनानंच लिहीन. पेनानंच लिहिलं. लोकांना प्रश्न विचित्र वाटायचा. कुणी म्हणायचं, सगळे. कुणी म्हणायचं, आम्ही नाही पीत, गड्यांना असतं. कुणी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबायचं, आणि त्या थांबण्यातच मला बरंच कळायचं.

शेवटच्या महिन्यात ज्योती आली. एकटीच, एस.टी.नं. मी ओळखलं नाही, रंग सावळा होता तिचा, मी तो कधी बघितलाच नव्हता. पिशवीतून आमची बाटली काढून टेबलावर ठेवली. घरातल्या घागरीतलं पाणी होतं, टाकीतून आलेलं, दोड्डव्वाचं. लेबलावर अक्षर तिचं, जरा वाकडं. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, पूर्ण. तिसरा महिना होता तिला. मामंजींनी पाठवलं का, असं मी विचारलं. त्यांना म्हाईत न्हाय, म्हणाली, मीच आले.

मी पेन उचललं आणि विचारलं, हे पाणी घरात कोण कोण पितं?

"समदी. कॅन मी बंद केला. वन्सं आल्या तरी हेच."

ती समोर बसून राहिली, तिला बघायचं होतं. एरवी मी कुणाला आत बसू दिलं नसतं. मी पाणी घेतलं, रंग टाकला, लाल झालं. ब्युरेटचा नळ सोडला. थेंब पडत राहिले. लाल. आणखी सोडलं. लालच. अर्धी नळी रिकामी झाली तरी रंग हलायला तयार नाही. इतकं जड पाणी बघून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. दगडातनं आलेलं पाणी होतं, आणि ते स्वतःच्याच नावानं आलं होतं. शेवटी एकदाचं निळं झालं तेव्हा ज्योतीनं विचारलं, वाईट हाय का? मी म्हटलं, नाही, जड आहे, त्यानं काही होत नाही.

जंतूंच्या बाटलीसाठी दोन दिवस थांबायचं होतं; काळी झाली तर वाईट, असं मी तिला सांगून ठेवलं. त्या दोन दिवसांत मी ती बाटली किती वेळा उजेडाकडं धरली ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला.

"काळी झाली न्हाय नव्हं?"

"नाही झाली," मी म्हटलं.

  मग मी तिला सांगितलं की या पाण्यात डाळ लवकर शिजायची नाही, रात्री भिजत घालत जा.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली, "मी रोजच घालते."